दस्तीखालचा सौदा

खाजामामू कधी कुणाला बोट दाखवत नसत. कुणी रस्ता विचारला तर हनुवटीने दिशा सांगायची, आणि नातवंडांना दटावायचं झालं तरी मूठ वळलेलीच. चार माणसांत बसले की दोन्ही हात खांद्यावरून पुढे ओढलेल्या पांढऱ्या दस्तीखाली. दस्ती म्हणजे आमच्याकडे खांद्यावर टाकायचं फडकं. बाकीचे लोक तिने घाम पुसतात, भाजी बांधतात, बसायची जागा झटकतात. मामूंना घाम आला तर ते सदऱ्याची बाही वापरत. दस्ती धंद्याची होती, तिला दुसरं काम सांगायचं नाही.

धंदा बैलांच्या दलालीचा. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बैल विकणारा आणि घेणारा यांच्या मधे मामू उभे राहत. दस्ती हातांवर पडायची आणि खाली बोटं बोलायला लागायची. अख्खा पंजा दाबला की पाच, एक बोट धरलं की एक. ही बोटं हजारांची की शेकड्यांची एवढंच तोंडाने सांगायचं, आकडा मात्र दस्तीखालीच. भोवती कितीही गर्दी असो, भाव कळायचा तो ज्यांचे हात आत आहेत त्यांनाच. सौदा जमला की दस्ती झटकून पुन्हा खांद्यावर. मग तो आकडा कुणी कुणाला सांगायचा नाही आणि मोडायचा तर नाहीच नाही. मामूंनी जमवलेला सौदा मोडल्याचं बाजारात कुणाला आठवत नव्हतं. सगळ्या आयुष्याची कमाई म्हणाल तर ही एवढीच, आणि तिचा त्यांना केवढा ताठा होता!

मी तिथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला आले तेव्हा मामूंच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सामान उतरवत होते तर हे दारात.

"बाई, तुमी काय शिकवता?"

"नागरिकशास्त्र."

"त्याच्यात काय असतंय?"

मी सांगितलं, सरकार कसं चालतं, आपले हक्क कोणते, सरकारला जाब कसा विचारायचा.

"आन ते पोरं पाठ करून राहिले?"

"हो, करावंच लागतं. परीक्षा असते."

"सरकारची बी असती काय परीक्षा?"

तेव्हा मी खळखळून हसले होते. म्हातारा गमत्या आहे, दिवस बरे जातील असं वाटलं. आता तो प्रश्न आठवला की वर्गात माझा आवाज खाली येतो आणि मागच्या बाकावरची मुलं कुजबुजायला लागतात.

मामू अंगठी घालत नसत. "अंगठीवाल्या बोटाचा भरोसा न्हाई, आत एकाचं दीड लागतंय." ईदेला सगळ्यांना छातीशी धरत, पण हातात हात देत नसत. हात धरला की भाव निघतो म्हणत. खैरूनमामी, त्यांची बायको, यावरून त्यांना फार छळायच्या. "बाई, निकाह झाला आन लोकांनी याच्या हातात माझा हात दिला, तर हा दस्ती हुडकून राहिला होता," असं त्या दर पाहुण्याला सांगत. मामू मान खाली घालून हसत. "हुडकली होती खरी. पर भाव बराबर लागला," म्हणत.

त्यांच्या धंद्याची एक गोष्ट मला कळली ती एका बाजारात. पुसेगावकडचा एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला होता. घेणारा परभणीचा, खिसा गरम. मामूंचे हात दस्तीत गेले, बोटं चालू झाली, आणि तेवढ्यात गर्दीच्या कडेला एक बाई येऊन उभी राहिली. नुसती बैलांकडे बघत होती. मामूंनी शेतकऱ्याला विचारलं, "ही कोण?" तो म्हणाला, "भावजय हाय. भाऊ वारला मागल्या साली." मामूंनी एकदम हात बाहेर काढला आणि दस्ती खसकन ओढून घेतली. भर सौद्यात दस्ती ओढणं म्हणजे बाजारात तोंडावर थुंकण्यासारखं. परभणीवाला तापला. मामू शांतपणे म्हणाले, "अर्धी जोडी हिची हाय. आता भाव तोंडानं बोला, तिला ऐकू येईल असा." परभणीवाला शिव्या देत निघून गेला. मामूंची दलाली बुडाली ती बुडालीच, वर शेतकरीही चिडला.

घरी येताना मी विचारलं तर म्हणाले, "बाई, दस्ती दोघाची असती. तिसऱ्याचा माल आत आला की दस्ती काढायची. न्हाई तर मंग ती चोरी झाली."

हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं सांगितलं. पुस्तकात पारदर्शकतेवर लांबलचक धडा आहे, तो मुलांच्या डोक्यावरून जातो. हे मात्र एका झटक्यात कळलं सगळ्यांना.

पुढे धंदा आटत गेला. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. जे होते त्यांच्या गाड्या रस्त्यात अडवून ड्रायव्हरचं नाव विचारणारे लोक निघाले. नाव खाजा किंवा सलीम असलं की संपलं. लांबचे व्यापारी येईनासे झाले. मामू तरी दर बाजारी धुतलेली दस्ती टाकून लिंबाखाली जाऊन बसायचे. कधी एखादा सौदा, कधी तोही नाही. संध्याकाळी परत येताना चालण्यात तोच ताठा असे, पण ओट्यावर बसले की बोटं आपोआप हलायची, दस्तीखाली, एकटीच.

मामूंचं थोडं रान शिरड शहापूरच्या वाटेला आहे. त्याच्या वरच्या अंगाला मोठा माळ, आजूबाजूच्या सगळ्यांची गुरं तिथे चरायची. त्या माळावर एक कंपनी सौर विजेचा प्रकल्प घेऊन आली. ग्रामसभा झाली, मांडव पडला, जिलेबी वाटली. कंपनीतर्फे गव्हाणे नावाचे एक साहेब बोलले. माळ द्या, इथली वीज आधी तुमच्या पंपांना, आणि तीही दिवसा, असं म्हणाले. 'दिवसा' म्हटल्यावर मांडवात टाळ्या पडल्या त्या जिलेबीला पडल्या नव्हत्या.

आमच्याकडे पंपाची वीज यायची ती बहुतेक रात्री. माणसं बॅटरी घेऊन ओल्या रानात उतरायची. मामूंचा थोरला सलीम असाच हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि सापावर पाय पडला. जीव वाचला, पण गुडघ्याखालचा पाय वाळत गेला. आता तो फरफटत चालतो. तेव्हापासून मामूंची एकच मागणी होती, नमाजातही बहुधा तीच असावी. दिवसाचं पाणी. बाकी जगाने काय वाटेल ते करावं.

माळावर काचेच्या पाट्या उभ्या राहिल्या, कुंपण पडलं, गुरं बंद झाली, तारा लांबवर निघून गेल्या. पंपाची वीज मात्र रात्रीच. मग पेपरात बातमी आली की या प्रकल्पाची सगळी वीज मुंबईकडच्या एका मोठ्या डेटा सेंटरला द्यायचा करार झाला आहे. मी ती मामूंना वाचून दाखवली.

"हे सेंटर म्हंजे काय असतंय?"

"संगणकांचं गोदाम, मामू. लोकांचे फोटो, व्हिडिओ, बँकांचे हिशेब, सगळं तिथे ठेवतात. ते कधीच बंद होत नाही. रात्रंदिवस वीज लागते."

"निजत न्हाई?"

"नाही."

मामूंनी कुंपणाकडे हनुवटी केली. "मंग आमची नीज घेऊन त्याला काय करायची हाय?" म्हणाले.

असे करार तपासायला सरकारची एक समिती असते. समितीने लोकांना करार दाखवायचा, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि मगच मंजुरी द्यायची, असा नियम. कारण सरळ आहे. तारा सगळ्यांच्या बिलांतून उभ्या राहिलेल्या. रात्री सूर्य नसताना त्या गोदामाला वीज पुरवायची ती आपल्या सगळ्यांच्या वाट्यातून. त्याला स्वस्त दिली तर खड्डा आपल्या बिलातून भरायचा. तेव्हा भाव काय ठरला हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. हे मी दरवर्षी शिकवते, आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो.

सुनावणीची जाहिरात छापली होती इंग्रजी पेपरात. आमच्या गावात तो फक्त भेळ बांधायला येतो. तरी कळलं, आणि मी कराराची प्रत मागवली. प्रत आली. पानंच्या पानं छापलेली, आणि जिथे जिथे भाव, तास किंवा मुदत लिहिलेली तिथे काळा पट्टा मारलेला. वर शिक्का, गोपनीय. मामूंनी त्या काळ्या पट्ट्यावरून हात फिरवला आणि इतक्या दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

"बाई, ही तर दस्ती हाय."

"हो ना."

"आन बैल आपला." ते उठून उभे राहिले. "मी बोलतो तिथं. दस्ती काढा म्हनतो."

सुनावणी हिंगोलीला, एका थंडगार हॉलमध्ये. गावातून दोन जीप भरून लोक गेले, सगळ्यांनी ठरवलं होतं की मामूच बोलतील. मामूंनी नवी दस्ती टाकली होती. समितीचे अध्यक्ष वर बसलेले, त्यांच्यापुढे पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला कंपनीचे लोक, त्यांत गव्हाणेसाहेब. आधी कंपनीने पडद्यावर चित्रं दाखवली, त्यांत एक हसरा शेतकरी होता. तो आमच्या गावचा नव्हता आणि कुठल्याच गावचा वाटत नव्हता.

मग मामूंचं नाव पुकारलं. त्यांनी माईक हातात घेतला नाही, नुसते त्याच्या जवळ उभे राहिले.

"साहेब, मी बैलाचा दलाल. दस्तीखालचे सौदे मीच केलेत जिंदगीभर, त्याला मी वाईट म्हननार न्हाई. पर त्याला दोघं लागतेत. एक मालवाला, एक घेणारा. हितं माल कोनाचा हाय? माळ गावाचा. तारा आमच्या बिलाच्या. दिवस तर अल्लाचा हाय, त्यो कोनाच्या बापाचा न्हाई. मंग भाव झाकून काहून ठेवला? आमाला बी ऐकू द्या. दस्ती काढा साहेब."

हॉल दणाणला. मागे बसलेले वकील वळून बघायला लागले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हे लोक आता भाव सांगणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं पुस्तकातून जे शिकवलं ते माझ्यासमोर उभं होतं, मळक्या धोतरात आणि नव्या दस्तीत. अध्यक्ष म्हणाले, मुद्दा महत्त्वाचा आहे, चहानंतर यावर बोलू.

त्या चहाचा मला अजून राग आहे.

गव्हाणे स्वतः कप घेऊन आले. "मामू, काय बोललाव! आमच्या घरी बी बैल होते. वसमतच्या बाजारात वडलाच्या मागं मागं हिंडलोय मी." मग गुळगुळीत हसत त्यांनी मामूंच्या खांद्यावरची दस्ती अलगद उचलली, आपल्या उजव्या हातावर टाकली आणि हात पुढे केला. "जमवा की मग. मोठ्या लोकाच्या बैठका होत राहतेत. आपन बाजारातले मानसं."

मी शेजारी उभी होते. मामूंनी त्या हाताकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत कुणी असा हात दिला नव्हता, आणि हा तर एवढा मोठा साहेब, शिवाय रीत जाणणारा. मामूंचा हात दस्तीत गेला. "दिवसाचे घंटे," ते म्हणाले. मग दोघं गप्प. दस्ती हलत होती. गव्हाणेंची बोटंही हलत होती, आणि ज्याला रीत ठाऊक नाही अशा माणसाची ती हालचाल नव्हती. मामूंच्या चेहऱ्यावर बाजारातलं ते जुनं तेज आलं. दस्ती झटकली गेली.

चहा संपला. अध्यक्षांनी विचारलं, "आपली हरकत कायम आहे ना? नोंद घ्यायची आहे."

मामू उभे राहिले. "न्हाई साहेब. सौदा जमला."

अध्यक्षांनी विचारायला हवं होतं, कुणाशी, किती, कुठे. त्यासाठीच त्यांना पगार मिळतो. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं, तो लिहायला लागला. गावकरी एकमेकांकडे बघत होते. मामूंनी सौदा जमला म्हटल्यावर पुढे काही विचारायची पद्धतच नव्हती. मी उठून म्हणाले, "अध्यक्ष महोदय, काय जमलं ते तरी विचारा." ते म्हणाले, "ज्यांची हरकत होती तेच समाधानी आहेत, बाई." गव्हाणे मोबाइलमध्ये बघत होते.

जीपमध्ये मी मामूंवर तुटून पडले.

"मामू, काय ठरलं?"

"सौदा सांगायचा नसतो, बाई."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना की दस्ती काढा? तिसऱ्याचा माल आहे म्हणून? हे सगळे बसलेत ना इथे, यांचाच माल आहे!"

मामू चपापले. खरंच चपापले, मी पाहिलं. पण मग ताठ बसले. "दिवसाचं पानी भेटल सगळ्याला. बस. त्यानं हात दिलाय."

"लिहून दिलंय का?"

"बाजारात लिहून कोन देतं? तुमाला बाजार कळत न्हाई, बाई."

जीपमधले लोक खुशीत होते. एकजण म्हणाला, मामू हाय म्हंजे मोडत न्हाई.

आदेश आला. करार मंजूर, स्थानिकांची हरकत उरलेली नाही, भाव गोपनीयच राहील. पंपाची वीज पहिल्यासारखी रात्री. मामूंनी काही दिवस वाट पाहिली. सौद्यातला माल पोचायला वेळ लागतो म्हणाले. मग माळावरच्या कंपनीच्या ऑफिसात गेले, वॉचमनने परत पाठवलं. पुन्हा गेले. शेवटी मी सोबत गेले आणि गव्हाणे बाहेर आले. आता त्यांची भाषा एकदम स्वच्छ झाली होती.

"मामू, अहो ते चहाच्या वेळचं. तुमचं मन राखलं मी. वीज कुणाला कधी द्यायची हे माझ्या हातात आहे का?"

"मंग हात काहून दिला, साहेब?"

फोन वाजला नव्हता तरी गव्हाणेंनी तो कानाला लावला आणि आत गेले. त्या माणसाला रीत माहीत नसती तर मी त्याला माफ केलं असतं. त्याला ती पुरेपूर माहीत होती, बापाकडून शिकलेली. तीच त्याने विकली, आणि बढती मिळाली म्हणे त्याला.

गावात आधी कुजबुज झाली, मग उघड बोलणं. खाजानं खाल्ले. दस्तीत नोटा होत्या. काल-परवापर्यंतचे खाजामामू एका आठवड्यात 'तो खाजा' झाले, आणि मग 'शेवटी ते लोक तसलेच' हेही कुणीतरी बोललं. ज्यांनी मांडवात जिलेबी खाल्ली त्यांनीच. सलीमचा पाय सगळ्यांनी पाहिलेला होता, तरी.

मग मामूंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली उभे राहून मोठ्याने सांगितलं, दस्तीत काय झालं ते. "आठ ठरले होते! दिवसाचे आठ घंटे! पंजा आन तीन बोटं, त्यानं दाबून कबूल केलं!" लोक जमले. कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमी होता ना तिथं? ऐकलं काय?" मी खरं ते सांगितलं. 'दिवसाचे घंटे' हे शब्द मी ऐकले होते. आकडा ऐकला नव्हता, तो ऐकू येण्याची सोयच नसते. "मंग काय," तो म्हणाला, आणि लोक पांगले. पांगताना एक म्हातारा बैलवाला तेवढा थांबला. तो म्हणाला, "खाजा, सौदा बोलून दाखवला तू." त्याला चोरीपेक्षा तेच मोठं पाप वाटलं असावं. त्यानंतर मामूंच्या दस्तीत कुणी हात घातला नाही.

मला मामूंचा राग येत नाही असं समजू नका. येतो. रीत त्यांनी स्वतः मला शिकवली होती, आणि एका कपभर चहात ती ते विसरले. एका मोठ्या माणसाने दस्ती उचलली म्हणून भाळले. पण त्यांच्यावर रागवून झालं की मी त्या अध्यक्षांचा चष्मा आठवते. ज्यांनी दस्ती काढायची ते नेमलेले, शिकलेले, गाडीतून आलेले लोक समोर बसून चहा पीत होते. म्हाताऱ्याने चूक केली आणि त्यांनी ती पटकन लिहून घेतली.

प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याची सुनावणी पुढच्या वर्षी झाली. गावातून कुणी गेलं नाही. मी एकटी गेले, तर मला विचारलं, आपण कुणाच्या वतीने? मी म्हटलं, माझ्याच. लिहिणाऱ्याने मान हलवली आणि काही लिहिलं नाही. चहा तोच होता.

मग माझी बदली झाली. खोल्या सोडल्या त्या दिवशी मामू घरी नव्हते. मामींनी डबा बांधून दिला, डोळे पुसले, मामूंबद्दल एक चेष्टा केली नाही.

परवा एका लग्नासाठी शिरड शहापूरला गेले होते. परतताना दिवस मावळत होता. माळावर कुंपणाचे दिवे लागले होते, आणि खाली रानाच्या वाटेने कुणीतरी वाकून चाललं होतं. मी स्कूटी थांबवली. मामू होते. हातात बॅटरी, खांद्यावर फावडं. सलीमला आता रानात उतरवत नाही, म्हणाले, म्हणून स्वतःच येतात पाण्याला. दस्तीचा खांदा मोकळा होता. दस्ती उभी फाडून तिचे दोन पट्टे केले होते आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही पायांना घट्ट गुंडाळले होते.

"मामू, दस्ती फाडली?"

"कापडात दात अडकतो म्हनतेत सापाचा." मग म्हणाले, "तिला दुसरं काय काम हाय आता?"

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "रात्री किती वेळ असते वीज?"

मामूंनी बॅटरी काखेत धरली. मग हात वर केला, माझ्यासमोर, उघडा. पाची बोटं पसरली. मिटली. मग तीन.

आणि ते पिकात उतरले.